खानदेशातील मधुमेह : उपचार दवाखान्यात, नियमन घरात

तापी, गिरणा आणि पांझरा या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेला खानदेश हा कापूस, केळी, ज्वारी आणि कडधान्ये पिकविणारा कष्टाळू मुलूख आहे. अशा कष्टकरी प्रदेशात मधुमेहासारख्या रोगाला थारा मिळणार नाही, तो शहरातील बैठे काम करणाऱ्या सुखवस्तू मंडळींचा आजार आहे, अशी समजूत दीर्घकाळ होती. ती आता खरी राहिलेली नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीच्या पहिल्या टप्प्याचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार महाराष्ट्राच्या शहरी भागात २० वर्षांवरील व्यक्तींपैकी १०.९ टक्के, तर ग्रामीण भागात ६.५ टक्के व्यक्तींना मधुमेह असल्याचे आढळले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संपूर्ण देशाच्या अहवालात मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाख असल्याचा अंदाज देण्यात आला असून, आणखी १३ कोटी ६० लाख लोक या रोगाच्या उंबरठ्यावर असल्याचे नमूद केले आहे.

मधुमेह एकदा जडला की बहुधा जन्माची सोबत करतो. रुग्ण महिन्या-दोन महिन्यांतून एकदा डॉक्टरांसमोर बसतो, तेही काही मिनिटे. उरलेला सर्व काळ तो आपल्या घरात, शेतात, बाजारात आणि लग्नकार्यात घालवितो. ताटात किती भाकरी घ्यावी, गोळी केव्हा घ्यावी, उन्हातून अनवाणी जावे किंवा कसे, हे निर्णय तो दररोज स्वतःच घेत असतो. रक्तातील साखर या लहान लहान निर्णयांनी ठरते. म्हणूनच मधुमेहाचा उपचार दवाखान्यात ठरत असला तरी त्याचे नियमन घरातच व्हावे लागते.

पाट भरलेला, पीक कोरडे

या रोगाचे स्वरूप समजून घेण्यासाठी खानदेशच्याच पांझरा खोऱ्यातील जुन्या फड पद्धतीचे उदाहरण घेता येईल. बंधाऱ्यातून आलेले पाणी पाटाने वाहते आणि पाटकरी ते पाळीपाळीने शेतात सोडतो. आपण खाल्लेल्या अन्नातील पिष्टमय पदार्थांची साखर होऊन ती अशीच रक्तावाटे सर्व शरीरात फिरते. ती पेशींमध्ये पोहोचविण्याचे पाटकऱ्याचे काम स्वादुपिंडात तयार होणारे इन्सुलिन करते. पाटकरीच नसला, किंवा असूनही त्याच्या हाताने दारे उघडेनाशी झाली, तर पाट तुडुंब भरतो आणि पीक मात्र कोरडेच राहते. मधुमेहात नेमके हेच घडते. रक्तात साखर साचते, पेशी उपाशी राहतात. वारंवार लघवी होणे, सारखी तहान लागणे, थकवा येणे, वजन घटणे, जखम लवकर न भरणे ही लक्षणे त्यातूनच उद्भवतात. तथापि, अनेक रुग्णांत कित्येक वर्षे कोणतेच लक्षण दिसत नाही, आणि हाच या रोगाचा मोठा धोका होय.

बालवयात किंवा तरुणपणी उद्भवणाऱ्या पहिल्या प्रकारात शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. अशा रुग्णाला इन्सुलिनवाचून जगता येत नाही, म्हणून ते एक दिवसही बंद करता कामा नये. प्रौढांत प्रामुख्याने आढळणाऱ्या दुसऱ्या प्रकारात इन्सुलिन असते, परंतु ते अपुरे पडते किंवा परिणामकारक ठरत नाही.

दुसऱ्या प्रकाराचा संबंध केवळ स्थूलपणाशी जोडणे आपल्याकडे चुकीचे ठरेल. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या विषयावर मोलाचे संशोधन केले आहे. त्यांचे स्वतःचे व त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे उंचीच्या मानाने वजन अगदी सारखे होते. परंतु मोजणी केली असता युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के चरबी आढळली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या तुलनेने एक गोष्ट स्पष्ट केली. अंगाने सडपातळ दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या पोटात चरबी दडलेली असू शकते. ‘मी काही जाड नाही, मला साखर कशी होईल’ हा युक्तिवाद त्यामुळे टिकत नाही.

भाकरी चांगली, पण मोजून

रोगाचे निदान झाले की अनेक घरांत साखर आणि भात बंद होतो व ज्वारीची भाकरी मात्र मनसोक्त खाल्ली जाते. ज्वारी ही मैद्यापेक्षा आणि सडलेल्या तांदळापेक्षा निश्चितच हितकर आहे, कारण तिच्यात तंतूंचे प्रमाण चांगले असते. परंतु ज्वारीचाही निम्म्याहून पुष्कळ अधिक भाग पिष्टमयच असतो. एकाऐवजी तीन भाकरी खाल्ल्या तर साखर वाढणारच. ज्वारी हे अन्न आहे, औषध नव्हे, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

ताटाची विभागणी हा सर्वांत सोपा मार्ग होय. अर्धे ताट पालेभाज्या, फळभाज्या व कोशिंबिरीने भरावे. पाव भाग वरण, उसळ किंवा अन्य प्रथिनयुक्त पदार्थांसाठी ठेवावा आणि उरलेल्या पाव भागात भाकरी, पोळी किंवा भात घ्यावा. खानदेशात यासाठी बाहेरून काही आणावे लागत नाही. ज्वारीत उडीद मिसळून केलेली कळण्याची भाकरी येथे पूर्वापार चालत आली आहे, आणि कडधान्याच्या जोडीमुळे ती नुसत्या पिठाच्या भाकरीपेक्षा सरस ठरते. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते भाजलेले वांगे मधुमेहींसाठी उत्तमच, मात्र त्यावर ओतले जाणारे तेल आणि सोबतच्या तळलेल्या पुऱ्या यांवर नजर हवी. शेवभाजीची तर्री आणि तुपात बुडविलेली बट्टी यांनाही हाच नियम लागू होतो. हे पदार्थ वर्ज्य नाहीत, परंतु ते रोजचे जेवण होऊ नये.

केळी आणि आखाजी

२०१६ सालीच भौगोलिक मानांकन लाभलेली जळगावची केळी हे या जिल्ह्याचे वैभव आहे. रावेर, यावल भागात केळीच्या बागेत राबणाऱ्या माणसाला ‘केळे खाऊ नका’ असे सांगणे म्हणजे पाण्यात राहून तहानलेले राहा म्हणण्यासारखे आहे. वास्तविक पाहता पूर्ण बंदीची गरज नसते. केळ्याच्या १०० ग्रॅम गरात सुमारे २५ ग्रॅम पिष्टमय पदार्थ व साखर असते. म्हणजे एक केळे अर्ध्या भाकरीहून थोडे अधिकच भरते. ज्याची साखर आटोक्यात आहे अशा रुग्णाने लहान, फार न पिकलेले केळे जेवणाच्या जोडीला न खाता, भाकरीचा तेवढा भाग कमी करून किंवा मधल्या वेळी खावे. ‘वर’ खाण्याऐवजी ‘ऐवजी’ खाणे, हे त्यातील सूत्र होय. केळ्याचे तळलेले वेफर्स मात्र या हिशेबात बसत नाहीत.

आखाजीच्या सणालाही हेच सूत्र उपयोगी पडते. आमरस आणि पुरणपोळी यांवाचून खानदेशात आखाजी होत नाही. अशा दिवशी रुग्णाला वेगळे बसवून त्याच्यापुढे कोरडी भाकरी ठेवल्यास तो मनाने खचतो आणि पुढे चोरून खाऊ लागतो. त्यापेक्षा साखर न घातलेला रस लहान वाटीभर, खापरावरच्या मोठ्या मांड्याचा चतकोर, सोबत भाजी व कोशिंबीर भरपूर आणि संध्याकाळी अर्धा तास चालणे, असा मध्यममार्ग अधिक टिकाऊ ठरतो.

उपवासाच्या बाबतीत मात्र अधिक सावधगिरी हवी. साबुदाणा, भगर आणि बटाटा हे तिन्ही पदार्थ पिष्टमय असल्याने उपवासाच्या दिवशी साखर घटण्याऐवजी वाढण्याचा संभव असतो. उलट निरंकार एकादशी किंवा रमजानचा रोजा करणाऱ्याने नेहमीची गोळी तशीच घेतली तर साखर एकाएकी खाली येऊ शकते. त्यासाठी उपवासापूर्वीच डॉक्टरांकडून मात्रा बदलून घ्यावी.

साखर उतरते तेव्हा

साखर वाढण्याची भीती सर्वांना ठाऊक असते, परंतु ती एकदम उतरण्याचा धोका तितका ठाऊक नसतो. शेतीपंपाला रात्री वीज मिळते तेव्हा शेतकरी रात्रीच पाणी भरायला निघतो. अशा वेळी संध्याकाळची गोळी घेतली, जेवण राहून गेले आणि दोन-तीन तास वाफ्यांत राबणे झाले, तर साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली जाऊ शकते. इन्सुलिन घेणारे आणि स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडण्यास भाग पाडणाऱ्या गोळ्या घेणारे रुग्ण या दृष्टीने विशेष जपले पाहिजेत.

अंगाला दरदरून घाम सुटणे, हात थरथरणे, छातीत धडधडणे, एकाएकी भूक लागणे, बोलणे असंबद्ध होणे ही त्याची लक्षणे होत. ती दिसताच तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे, पंधरा मिनिटे थांबावे आणि बरे न वाटल्यास पुन्हा तेवढेच द्यावे. त्यानंतर थोडे खाण्यास द्यावे. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. शेतात जाणाऱ्या अशा प्रत्येक रुग्णाच्या खिशात साखरेची पुडी असावी आणि सोबत्याला तिचा उपयोग ठाऊक असावा. गोंधळलेल्या अवस्थेतील माणसाला ‘पिऊन आला’ समजून बाजूला सारल्यास ते त्याच्या जिवावर बेतू शकते.

खानदेशचे ऊन आणि इन्सुलिन

१९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे केले आणि जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथमच एका चौदा वर्षांच्या मुलास टोचण्यात आले. त्यापूर्वी पहिल्या प्रकारचा मधुमेह म्हणजे मृत्यूच होता. बँटिंग यांचा जन्मदिवस १४ नोव्हेंबर हा आज जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळला जातो. असे असूनही ‘इन्सुलिन लागले म्हणजे शेवट आला’ ही भीती गावोगावी आढळते. दुसऱ्या प्रकारातही काही वर्षांनी गोळ्या अपुऱ्या पडू शकतात. तेव्हा वेळीच इन्सुलिन घेतल्याने डोळे, मूत्रपिंडे व मज्जातंतू यांचे रक्षण होते.

खानदेशात प्रश्न येतो तो ते सांभाळण्याचा. जळगाव, भुसावळ परिसरात उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सियसच्या आसपास पोहोचतो. न उघडलेली इन्सुलिनची कुपी २ ते ८ अंशांच्या थंडाव्यात ठेवावी लागते. वापरात असलेली कुपी साधारणतः चार आठवड्यांपर्यंत ३० अंशांच्या आत ठेवता येते. घरात शीतकपाट असल्यास कुपी त्याच्या दारात ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात कधीही ठेवू नये, कारण गोठलेले इन्सुलिन निकामी होते. शीतकपाट नसेल किंवा वीज वारंवार जात असेल, तर माठाचा आश्रय घ्यावा. मोठ्या मडक्यात ओली वाळू भरून तीत लहान मडके बसवावे. कुपी झाकणाच्या कोरड्या डबीत घालून ती लहान मडक्यात ठेवावी आणि वाळू रोज ओलसर करावी. बाष्पीभवनामुळे आतील उष्णता बाहेरच्या मानाने बरीच कमी राहते. हा उपाय शीतकपाटाची बरोबरी करीत नाही, पण वापरातील कुपीसाठी फार उपयुक्त ठरतो. मोटारसायकलच्या डिकीत किंवा एस. टी. च्या उन्हाकडील खिडकीजवळ मात्र ती कधीही ठेवू नये.

उन्हाळ्यात घामावाटे पाणी गेल्याने रक्तातील साखरेचे प्रमाण वाढते. मधुमेहींनी तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे, उसाचा रस व बाटलीबंद सरबते टाळून साधे ताक घ्यावे. लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी काही नवी औषधे घेणाऱ्यांनी ताप, उलटी किंवा जुलाब झाल्यास त्वरित डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

पाऊल सांभाळणे

मधुमेहाने होणारी सर्वांत दुःखद हानी बहुधा पायापासून सुरू होते. दीर्घकाळ वाढलेल्या साखरेने मज्जातंतू दुबळे होतात आणि पायाची संवेदना हळूहळू नाहीशी होते. वेचणी संपलेल्या कपाशीच्या शेतात पऱ्हाटीचा खुंट किंवा बाभळीचा काटा रुतला तरी कळत नाही. तापलेल्या मातीने तळवा भाजला तरी चटका जाणवत नाही. दुखत नाही म्हणून जखमेकडे दुर्लक्ष होते, रक्तपुरवठा कमी झाला असल्यास ती चिघळते आणि अखेरीस बोट किंवा पाय कापण्याची पाळी येते. तंबाखू व विडी यांमुळे हा धोका अधिकच वाढतो.

हे टाळण्यासाठी लागतात ती रोजची दोन मिनिटे. रात्री झोपण्यापूर्वी पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, तळवे आरशात पाहावेत किंवा घरातील मुलानातवंडांकडून पाहून घ्यावेत. चीर, फोड, लाली किंवा सूज दिसल्यास घरगुती लेप न लावता दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठावा. कुरूप ब्लेडने कापू नये. पाणी गरम आहे किंवा कसे हे पायाने न पाहता कोपराने पाहावे. पादत्राणे घालण्यापूर्वी ती झटकून घ्यावीत.

चैत्रात खानदेशातून असंख्य भाविक सप्तशृंगीच्या गडाकडे पायी निघतात, तर आषाढी वारीसाठी मुक्ताईनगरहून संत मुक्ताबाईंची पालखी पंढरपूरचा दीर्घ प्रवास करते. चालणे हे मधुमेहींना हितावहच आहे. परंतु पायाची संवेदना गेलेल्या रुग्णाने चैत्राच्या उन्हात अनवाणी चालण्याचा नवस करणे म्हणजे स्वतःचा पाय पणाला लावणे होय. मऊ तळव्याची, पायाला नीट बसणारी पादत्राणे, सुती मोजे, पुरेशी औषधे, साखरेची पुडी आणि प्रत्येक मुक्कामी पायांची पाहणी एवढी तयारी केल्यास यात्रा सुखरूप पार पडते. पायात चप्पल असल्याने श्रद्धेला उणेपणा येत नाही. पाय शाबूत राहिला तरच पुढच्या वर्षीची वारी घडणार आहे.

तपासणी आणि सोयी

रात्रभराच्या उपवासानंतर रक्तातील साखर १२६ मिलिग्रॅम किंवा अधिक, अथवा तीन महिन्यांची सरासरी दर्शविणारी एचबीएवनसी तपासणी ६.५ टक्के किंवा अधिक आली, तर मधुमेह असल्याचे मानतात. लक्षणे नसल्यास तपासणी पुन्हा करून खात्री करून घेतली जाते. उपचार सुरू झाल्यावर बहुतेक प्रौढांसाठी ही सरासरी ७ टक्क्यांच्या आसपास ठेवण्याचे उद्दिष्ट असते. वृद्धांसाठी ते थोडे शिथिल करतात. साखर स्थिरावेपर्यंत दर तीन महिन्यांनी ही तपासणी करावी. रक्तदाब प्रत्येक भेटीत पाहावा. डोळ्यांच्या पडद्याची, लघवीतील प्रथिनांची व मूत्रपिंडांच्या कार्याची तपासणी वर्षातून एकदा चुकवू नये, कारण या अवयवांची हानी सुरुवातीला मुळीच जाणवत नाही. मधुमेहींमध्ये क्षयरोगाचा संभवही अधिक असल्याने दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला राहिल्यास थुंकी तपासून घ्यावी. गर्भवती स्त्रियांनी साखरेची तपासणी करून घेणे आई आणि बाळ या दोघांच्याही भवितव्याच्या दृष्टीने आवश्यक आहे.

असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली ३० वर्षांवरील व्यक्तींची मधुमेह व रक्तदाबासाठी तपासणी केली जाते. आशा कार्यकर्ती घरी येऊन माहिती भरते तेव्हा तिला टाळू नये. अहिराणी, तावडी किंवा घरच्या बोलीत समजावून सांगणारी तीच पहिली मार्गदर्शक असते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत व प्राथमिक आरोग्य केंद्रांत तपासणी व उपचार निःशुल्क करण्यात आले आहेत. गुंतागुंतीच्या रुग्णांसाठी धुळे व जळगाव या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. ऊसतोडीसाठी वा अन्य मजुरीसाठी परगावी जाणाऱ्या कुटुंबांनी निघण्यापूर्वी औषधांचा पुरेसा साठा आणि उपचाराचा कागद सोबत घ्यावा. परमुलखात औषध खंडित होणे हे साखर बिघडण्याचे मोठे कारण आहे.

घराचा वाटा

या साऱ्या नियमनाचा भार एकट्या रुग्णाने वाहावा अशी अपेक्षा करणे योग्य नव्हे. घरात पुरुषाला मधुमेह झाला तर त्याचे ताट, त्याची वेळ, त्याची गोळी यांची काळजी घरची स्त्री घेते. परंतु रुग्ण तीच असेल तर काय घडते? ती पहाटे उठून सर्वांच्या भाकरी थापते, शेतावर जाते आणि सर्वांना वाढून झाल्यावर उरलेले खाते. तिच्या गोळीला वेळ नसते आणि तिच्या पायांकडे पाहायला कोणी नसते. मधुमेही स्त्रीने इतरांबरोबर, वेळेवर जेवणे हा तिच्या उपचाराचाच भाग आहे, हे घरातील प्रत्येकाने मान्य केले पाहिजे. तिचे औषध संपत आले की आणून देणे, तिच्यासोबत संध्याकाळी शिवारापर्यंत चालत जाणे, रात्री दिव्याच्या उजेडात तिचे तळवे पाहणे, या गोष्टींना पैसा लागत नाही.

मधुमेहींसाठी सांगितलेले ताट खरे तर संपूर्ण घरालाच हितकारक आहे. ते सर्वांनी स्वीकारले तर रुग्णाला एकाकी वाटत नाही आणि पुढील पिढीतील धोकाही कमी होतो. फडातील पाणी जसे पाटकऱ्याच्या एकट्याच्या हिमतीवर नव्हे, तर सर्व शेतकऱ्यांनी पाळी पाळल्याने अखेरच्या शेतापर्यंत पोहोचते, तसेच या रोगाचेही आहे. घरातील प्रत्येकाने आपला लहानसा वाटा नियमाने उचलला, तर मधुमेह असूनही माणूस आपल्या डोळ्यांनी पुढची अनेक पिके पाहू शकतो आणि आपल्या पायांनी शिवारात फिरू शकतो.